टायरचे वय

पौड रस्त्यावरील एका टपरीवर चहा घेत असताना, कन्याकुमारीस निघण्याच्या बेतात असलेल्या एका तरुणाने आम्हांस विचारले, "काका, टूरिंगचा टायर साधारण किती किलोमीटर चालतो?" आमच्या सायकलीवरचे मडगार्ड, सामानाचे कॅरिअर आणि डोक्यावरचे विरळ केस पाहून त्याने आम्हांस जाणकार ठरविले असावे. त्याची सायकल एका मित्राकडून घेतलेली होती. मित्राने ती हौसेने आणली, चार दिवस चालविली आणि पुढे ती जिन्याखाली उभी राहिली. टायरांवरची नक्षी अगदी कोरी दिसत होती. आम्ही तत्परतेने सांगितले, "मागचा पाच ते आठ हजार, पुढचा त्याहून जास्त. तुझे दीड हजार सहज निघतील." तरुणाचे समाधान झाले. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

घरी पोहोचेपर्यंत मात्र त्या उत्तराची टोचणी लागून राहिली. आकडा खोटा नव्हता. परंतु अशाच एका खऱ्या आकड्यावर विसंबून आम्ही पूर्वी एका भल्या माणसाचे हाड मोडविले आहे, हे त्या तरुणास आम्ही सांगितले नव्हते. त्याला काय म्हणा, आजवर ते आम्ही कोणासच नीट सांगितलेले नाही.

आमच्या वडिलांच्या सायकलीच्या टायरांना किलोमीटर नव्हते. वडील वाई तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि शाळा घरापासून सात किलोमीटरांवर. काळी उंच सायकल, अठ्ठावीस-दीडचे टायर. नवा टायर येणे हा सणासारखा प्रसंग असे. प्रथम त्याची नक्षी जाई, मग तो गुळगुळीत होई, मग एखाद्या जागी सुताची जाळी डोकावू लागे. तेव्हा सायकलमिस्त्री दुसऱ्या एखाद्या मृत टायरचा तुकडा कापून आतून बसवीत. त्यास ते ‘गेटर’ म्हणत. गेटर बसलेले चाक दर फेऱ्यास एक हिसका देई, आणि वडील घराजवळ आले की त्या लयबद्ध ठपठप आवाजावरून आम्हांस कळे. पुढे तो टायर मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जाई, कारण पुढे वजन कमी. तेथेही त्याने मान टाकली की तो आम्हा मुलांच्या ताब्यात येई आणि आम्ही काठीने बडवीत त्याला गावभर पळवीत असू. सरतेशेवटी पावसाळ्याच्या तोंडी तो गोठ्यावरच्या प्लास्टिकच्या कागदावर वजन म्हणून चढे. टायर मरत नसे, त्याची बदली होत असे. किती वर्षे, किती मैल, हा प्रश्न कोणी कोणास विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आम्ही मात्र हिशेबी निघालो. २००९ साली लांब पल्ल्याची सायकल घेतली आणि तिच्यासोबत अंतर मोजणारे एक इवलेसे यंत्र व एक वही. कोणता टायर कोणत्या तारखेस कोणत्या चाकावर चढला, कोणत्या आकड्यास उतरला, मध्ये किती पंक्चर झाले, सगळे त्या वहीत आहे. सायकलीबरोबर आलेला मागचा टायर चार हजार तीनशे किलोमीटरांवर संपला. त्यानंतर आम्ही श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन जातीचा टायर घातला. तो मागे नऊ हजार सहाशे चालला. त्याच जोडीतला पुढचा तेरा हजारांवरही धडधाकट होता. ही कंपनी स्वतः साधारण टायरांसाठी दोन ते पाच हजार आणि मॅरेथॉनसाठी सहा ते बारा हजार असा अंदाज देते. आमची वही त्या अंदाजात चपखल बसते याचा आम्हांस काय तो अभिमान! वास्तविक त्यात आमचे कर्तृत्व शून्य.

मागचा टायर आधी झिजतो याचे कारण उघड आहे. स्वाराचे व सामानाचे निम्म्याहून बरेच अधिक वजन त्याच्यावर असते, आणि पायांचा सगळा जोर त्याच्याच मार्फत रस्त्यास लागतो. झिजताना तो मधोमध चपटा होत जातो. हात फिरविला तर गोलाईच्या जागी एक पट्टा लागतो. पुढचा टायर मात्र कित्येक वर्षे गोल राहतो. बाकी सगळे परिस्थितीवर. वीस किलो सामान लादले की आयुष्य घटते, हवा कमी ठेवली की घटते, उन्हाने तापलेल्या खरबरीत डांबरावर घटते. कोकणातल्या जांभ्याच्या खडीवर तर टायर खवणीवर नारळ धरल्यासारखा किसला जातो. महामार्गावर वेगळीच गंमत असते. तेथील बहुतेक पंक्चर काचेने वा खिळ्याने होत नाहीत. ट्रकांच्या फुटलेल्या टायरांतून केसासारख्या बारीक पोलादी तारा कडेला विखुरतात आणि त्या आपल्या टायरात शिरून बसतात. चिमट्यावाचून त्या निघत नाहीत. एका टायराच्या मरणातून दुसऱ्याचे मरण असे ओवलेले असते. असो.

टायर बदलण्याची वेळ ओळखावी कशी, याविषयी आम्ही पुष्कळ वाचले. अमेरिकेतील शेल्डन ब्राउन नावाच्या गृहस्थांनी (ते २००८ साली निवर्तले) सायकलीच्या प्रत्येक भागावर अत्यंत सुबोध लिहून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की नक्षी गेली म्हणून सायकलीचा टायर बाद होत नाही, डांबरी रस्त्यावर त्या नक्षीचा फारसा उपयोगच नसतो. रबर इतके पातळ झाले की वारंवार पंक्चर होऊ लागले, आतले सूत दिसू लागले, किंवा सूत तुटून टायर कोठे फुगला वा वेडावाकडा झाला, तर तो काढावा. शिवाय नवा टायर नेहमी पुढे घालावा आणि पुढचा जुना मागे न्यावा. मागचा टायर फुटला तर सायकल डगमगते, पुढचा फुटला तर माणूस पडतो. हे वाचले तेव्हा वडिलांच्या मिस्त्रींची आठवण झाली. त्यांचे वजनाचे गणित बरोबर होते, पण ते वडिलांच्या दातांवर बेतणारे होते.

आणखी एक गोष्ट आम्ही तेथेच वाचली आणि पाठ केली. जमिनीस टेकणाऱ्या रबरातील बारीक भेगा निरुपद्रवी असतात. हे वाक्य पुढे आमच्या तोंडून नको त्या ठिकाणी बाहेर पडावयाचे होते.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही पाचजण ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला गेलो व तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस निघालो. त्यांत आमचे एक ज्येष्ठ सहप्रवासी होते. वय एकसष्ट. चमूत सगळे त्यांना दादा म्हणतात. दादा आमच्यापेक्षा नऊ वर्षांनी वडील, चढावर मात्र आमच्या पुढे. बागमांडल्याला तर, दाभोळला तर, असे करीत आम्ही गुहागर ओलांडले आणि तवसाळच्या अलीकडे दादांच्या पुढच्या टायरच्या बाजूस धारदार दगडाने बोटभर चीर पाडली. चिरेतून ट्यूब डोकावू लागली. अशा वेळी आतून काहीतरी घालून गाव गाठावयाचे असते. टूथपेस्टच्या नळीचा तुकडा चालतो, चौपदरी घडी केलेली नोटही चालते. दादा तेच करावयास बसले होते.

आम्ही म्हणालो, "दादा, कशाला जुगाड? आमच्याकडे कोरा टायर आहे."

आणि तो खरोखरच कोरा होता. २०१३ साली घेतलेला, घडी घालता येणारा, हलका. अडीअडचणीस असावा म्हणून आम्ही तो तीन घड्या करून, रबरी पट्ट्याने आवळून, मागच्या पिशवीच्या बाहेरच्या जाळीत ठेवीत असू. तो नऊ वर्षांहून अधिक काळ आमच्याबरोबर हिंडला. ऊन, खारा वारा, पाऊस, सगळे त्याने पाहिले, एक रस्ता तेवढा पाहिला नाही. आमच्या वहीत त्याच्यापुढे शून्य लिहिलेले होते. वहीच्या न्यायाने आमच्याकडील तो सर्वांत उत्तम टायर होता.

दादांनी तो उलगडला, उन्हाकडे धरला, वाकवून पाहिला. म्हणाले, "अरे, घड्यांपाशी भेगा दिसतायत रे."

त्यावर आम्ही ते पाठ केलेले वाक्य म्हटले. "वरवरच्या आहेत, दादा. रबरातल्या भेगांना काही होत नसतं."

दादांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि टायर चढविला. भेगा जमिनीस टेकणाऱ्या जाड रबरात नव्हत्या, रिमच्या वरच्या पातळ बाजूवर होत्या. हा भेद आम्हांस ठाऊक नव्हता असे आम्ही म्हणू शकलो असतो तर बरे झाले असते. ठाऊक होता. परंतु चार माणसांदेखत आपला कोरा टायर वाईट निघणे आम्हांस मान्य नव्हते.

तवसाळहून तरीतून जयगडला उतरलो, मुक्काम मालगुंडला केला. केशवसुतांचे हे जन्मगाव. रात्री जेवणानंतर आम्ही कवितेवर बरेच बोललो, टायरवर कोणीही बोलले नाही. सकाळी गणपतीपुळे, नेवरे करीत आरे-वारेच्या चढास लागलो. वर पोहोचले की उजवीकडे दूर खाली समुद्र दिसतो आणि रस्ता वळणे घेत सरळ त्याच्या दिशेने कोसळतो. दादा पुढे होते. दोन्ही ब्रेक दाबून उतरत होते, जसे कोणीही शहाणा माणूस उतरेल. ब्रेकने रिम तापते, आतली हवा तापून दाब वाढतो, आणि उतारावर ब्रेक लावताना शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणजे त्या दहा मिनिटांत पुढच्या टायरकडे जेवढे मागितले जाते तेवढे एरवी दिवसभरात मागितले जात नाही. फटाक्यासारखा आवाज झाला. आम्ही वळण घेऊन पोहोचलो तेव्हा सायकल एका कडेला व दादा दुसऱ्या कडेला होते. उजवा हात छातीशी धरून ते रस्त्यावर बसले होते. आम्हांस पाहून म्हणाले, "मागून गाडी येतेय का बघ."

गळ्याचे हाड आणि उजवे मनगट. रत्नागिरीस एका रुग्णालयात पट्टी घालून शस्त्रक्रिया झाली. ते वर्ष दादांच्या सायकलीचे गेले, आणि मनगट आजही थंडीत पूर्ण वळत नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी पुण्याहून आल्या. त्यांनी आम्हांस व्हरांड्यात गाठून विचारले, "भाऊजी, टायर नवा होता ना?"

आम्ही म्हणालो, "हो वहिनी. अगदी कोरा होता."

पलीकडे खाटेवर दादांनी ते ऐकले असावे. ते काहीही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत, टायर फुटला, त्यात कोणाचा काय दोष. आम्ही ते मान खाली घालून ऐकत असू. दोष टायर करणाऱ्या कंपनीचा नव्हता एवढे मात्र येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

तो टायर आम्ही परत आणला. एका घडीच्या रेषेवरच, रिमपासून बोटभर अंतरावर, तो आडवा फाटला होता. त्यानंतर आम्ही जे वाचले ते आधी वाचावयास हवे होते. रबराचे रेणू लांब साखळ्यांचे असतात. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांनी त्या साखळ्या एकमेकींस बांधण्याची युक्ती सापडली आणि रबर उपयोगी पडू लागले. परंतु या साखळ्यांत काही जोड असे असतात की हवेतला ओझोन त्यांना तोडतो. ओझोन हवेत अत्यल्प असतो, पण रबर ताणलेले असेल तर तेवढाही पुरतो. सैल रबर पुष्कळ काळ टिकते, ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात आणि त्या खोल जातात. टायरमध्ये यावर उतारा म्हणून मेण व काही रसायने मिसळलेली असतात. टायर फिरत असला, दबत-उठत असला, की ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. म्हणजे वापरातला टायर एका अर्थी स्वतःस तेल लावीत असतो. आम्ही काय केले होते? टायर तीनदा दुमडून, घडीच्या बाहेरच्या वळणावरील रबर कायमचे ताणून, उन्हात नऊ वर्षे स्थिर ठेवला होता. तो नासवावयाचा असे ठरविले असते तरी याहून चांगला उपाय सुचला नसता. टायर थंड, कोरड्या व मुख्यतः अंधाऱ्या जागी ठेवावा, तसा तो पाच वर्षे सुखरूप राहतो, असे श्वाल्बे कंपनी सांगते. सतत फिरणाऱ्या विजेच्या मोटारीजवळ तर ठेवूच नये, कारण तिच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो. आमच्या घरी दुसरा जादा टायर पाण्याच्या पंपाच्या खोलीत टांगलेला होता.

तो उतरविला, वाकविला, कात्रीने कापला. माळ्यावरचे आणखी तीनही कापले. त्यांतला एक तर चांगला होता हे कापल्यावर कळले. तेव्हापासून आमच्या वहीत एक नवा रकाना आहे, खरेदीच्या महिन्याचा, आणि टायर चढविण्यापूर्वी तोच महिना आम्ही टायरच्या आतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईने लिहितो. गंमत अशी की शून्य किलोमीटरच्या टायरची भीती आम्हांस आता नऊ हजारांच्या टायरहून अधिक वाटते. झिजणारा टायर आपल्याशी बोलत तरी असतो. चपटा होतो, पंक्चर वाढवितो, काही जातींत आतला रंगीत पट्टा दाखवितो. आमच्या मॅरेथॉनच्या मधोमध हिरवी रेघ दिसू लागली तेव्हा आम्ही दुसऱ्याच दिवशी तो उतरविला होता, आणि तेव्हा काही विशेष केल्यासारखे वाटलेही नव्हते.

तर त्या टपरीवरून निघालो ते घरी न जाता आम्ही संध्याकाळी दादांकडे गेलो. दादा फिरावयास गेले होते. वहिनी एकट्याच होत्या. त्यांना आम्ही सगळे सांगितले. टायर नऊ वर्षांचा होता, त्याला भेगा होत्या, दादांनी त्या दाखविल्या होत्या आणि आम्ही त्यांना गप्प केले होते.

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भेगा होत्या हे ह्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला विचारलं होतं, हे नाही सांगितलं." आणि त्या आत गेल्या. चहा आला, पण त्या दिवशी बराच उशिरा आला, आणि कप ठेवून त्या बसल्या नाहीत. दादा परतले तेव्हा आम्ही निघण्याच्या बेतात होतो. जिन्यात ते एवढेच म्हणाले, "आज सांगायची काय गरज होती?" रागाने की मायेने, ते अंधारात आम्हांस कळले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच त्या टपरीवर जाऊन बसलो. तरुण आठच्या सुमारास आला. या खेपेस चहा आम्ही सांगितला. त्याच्या पुढच्या टायरमधली निम्मी हवा सोडून आम्ही बाजूचे रबर दोन अंगठ्यांनी दाबून वाकविले. भेगा उघडल्या. एका ठिकाणी सुताचा रंग दिसला. सायकल जिन्याखाली जिथे टायरवर टेकून वर्षानुवर्षे उभी होती, नेमकी तीच जागा.

"पण काका," तो म्हणाला, "हा तर हजारसुद्धा चालला नाहीये. तुम्हीच म्हणालात ना, पाच ते आठ हजार?"

आम्ही त्याला बाकावर बसविले आणि तवसाळच्या रस्त्यापासून सांगावयास सुरुवात केली.